एकही फूल उघडं नाही!

माझ्या आईने आजवर लाखो फुलं तोडली आहेत, आणि त्यातलं एकही देवाला वाहिलेलं नाही.

यात भक्तीचा प्रश्न नाही, रोजगाराचा आहे. आमचं गाव जानेफळपासून थोडं आत. आमच्या भागात शेताशेतांत जाळीचे मोठमोठे मांडव दिसतात, ती शेडनेट. त्यात मिरचीचं बियाणं तयार होतं आणि आई तिथे कामाला जाते. काम ऐकायला सोपं आहे. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि देठाला लाल दोरा बांधायचा. (मिरचीची कळी ज्वारीच्या दाण्याएवढी असते. म्हणजे किती सोपं, ते समजून घ्या.)

या कामात सगळ्यात भयंकर गोष्ट कोणती, तर उमललेलं फूल. जे फूल नजरेतून सुटलं आणि आपलं आपण उमललं, ते स्वतःचेच पराग स्वतःला लावून मोकळं होतं आणि बियाण्यात भेसळ होते. मग कंपनीचा साहेब तपासणीला येतो, ओळीओळीतून फिरतो, उघडं फूल दिसलं की मोजतो आणि वहीत लिहितो. जास्त भरली, तर अख्खा प्लॉट नापास! त्यामुळे जग ज्या गोष्टीवर कविता करतं, ती गोष्ट दिसली की आमच्या गावातल्या निम्म्या बायका ती तोडून टाकायला धावतात.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही जे व्हायचं ते झालं. त्यात चूक संपूर्ण माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आईची बाजू घेणाऱ्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नक्की काय शिकते हे घरात कोणालाच माहीत नाही, पण सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. बाबा गवंडीकाम करतात. ते लोकांना सांगतात, "शीतल सायन्सले हाय." आई त्याहून पुढे गेली आहे. ती शेडनेटमध्ये सांगते, "माही पोरगी फुलायची डॉक्टर होऊन राह्यली."

संक्रांत झाल्यावर सरांनी प्रकल्प दिला. हिवाळा सरताना आपल्या परसबागेत कोणती झाडं आधी फुलतात, त्याच्या चाळीस दिवस रोज नोंदी ठेवायच्या. फुलं मोजायची, कळ्या मोजायच्या, तारखा लिहायच्या. सोपा विषय. पण मागच्या वर्षी एका मुलाने हाच प्रकल्प थेट इंटरनेटवरून उतरवला होता आणि त्यात जानेफळमधल्या आपल्या परसात बर्फ वितळताच ट्यूलिप उमलल्याची नोंद होती. तारखेसकट! तेव्हापासून सरांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता.

"यंदा मी स्वतः प्रत्येकाच्या घरी येणार," सर म्हणाले. "वही आणि बाग समोरासमोर ठेवणार. जुळलं तर गुण. नाही जुळलं तर शून्य, आणि विषय पुन्हा पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! फुलांची डॉक्टर फुलांतच नापास झाली, तर आईने शेडनेटमध्ये तोंड कुठे लपवायचं? तिथे तर जाळीतून सगळं आरपार दिसतं.

मी कामाला लागले. आमची बाग म्हणजे मोरी आणि मागची भिंत यांच्यामधली जागा. आंघोळीच्या पाण्यावर जगणारी. एक शेवगा, एक लिंबू, भिंतीवर चढवलेला तांबडा भोपळा, चार वांगी, चार टोमॅटो, बियाण्यासाठी राखलेला मुळा, गावरान गुलाब आणि तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा. पहिले आठ-दहा दिवस काहीच फुललं नाही. मी रोज "शून्य" लिहीत होते आणि रोज घाबरत होते. मग एका सकाळी शेवग्याला पांढरे घोस दिसले, मागोमाग मुळ्याला जांभळट तुरे आले, लिंबाच्या वासाने मोरीसुद्धा पवित्र वाटायला लागली, आणि बघता बघता एवढीशी जागा अशी काही फुलली की गल्लीतल्या मधमाश्यांना दुसरा पत्ताच उरला नाही.

आईने विचारलं होतं, नाही असं नाही.

"काय लिहून राह्यली वं रोज?"

आता इथे मी सरळ सांगायला हवं होतं. पण कॉलेजला गेल्यापासून मला एक सवय लागली आहे. अभ्यासाचं काही विचारलं की मी घाबरते, आणि घाबरले की पुस्तकातलं बोलते. मी म्हणाले, "पुष्पन कालावधीच्या दैनंदिन नोंदी."

आईने मान हलवली. ती मान मला समजल्याची वाटली.

दुसऱ्यांदा, भोपळ्याला एकदम सहा फुलं आली तेव्हा, ती हातातलं काम टाकून भिंतीकडे निघाली होती. "थांब, काढून टाकतो मी."

"हात नको लावू!" मी ओरडले. "माझं काम आहे ते! माझं मलाच करू दे!"

आई बिचारी मागे फिरली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी मला बघायची. मी फुलांपुढे उकिडवी बसलेली, कपाळाला आठ्या, एकेक उघडं फूल मोजते आहे आणि वहीत लिहिते आहे. आणि फुलं तर रोज वाढतच आहेत! तिने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. पोरीला कॉलेजने एक ओळ साफ करायला दिली आहे, आणि पोरीकडून ती निघत नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी भाकरीजवळ बसले होते. भाकरी नुसती कुस्करत होते.

"उद्या सर येऊन राह्यले," मी म्हणाले. "तपासणीले."

आईचा भाकरी थापायचा हात थांबला. "कायची तपासनी?"

"बागेची. फुलांची."

"फुलं मोजतीन का?"

"एकेक मोजतील. वहीत लिहितील."

"अन् नापास बी करतीन?"

"हो ना! मग वर्ष गेलं समज."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग इतक्या मायेने म्हणाली की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "कायजी नोको करू. मी हाव ना."

मी मनात म्हटलं, अशिक्षित असली तरी आईचं मन किती मोठं! (मन मोठंच आहे. त्यानेच घात केला.)

आता शेडनेटची एक रीत सांगते. तिथे प्रत्येकीला एकेक ओळ असते. तपासणीच्या दिवशी एखादीची ओळ मागे पडली, तर बाकीच्या आपापली ओळ संपवतात आणि न सांगता तिच्या ओळीत शिरतात. कोणी विचारत नाही, कोणी उपकार मोजत नाही. साहेब येईपर्यंत ओळ साफ झाली पाहिजे, बस.

रविवारी सकाळी साडेसातला मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. सर मेहकरहून मोटारसायकलवर येणार होते आणि फोनमधला नकाशा आमच्या गावाचा रस्ता नेहमी तलावात नेऊन सोडतो. निघताना मी बागेकडे एकदा डोळे भरून पाहिलं. भोपळ्याची पिवळीधमक फुलं नुकती उघडत होती. मोगऱ्याची पहिली कळी फुगून तयार. शेवग्याखाली पांढरा सडा. म्हटलं, शीतल, तुझं भाग्य फुललं!

सर तासभर उशिरा आले. मी त्यांच्यामागे वही छातीशी धरून बसले आणि रस्ताभर बागेचं वर्णन करत गेले.

"भोपळा, सर, भोपळा तर बघाच! सकाळी तो अगदी..."

"बघू, बघू," सर म्हणाले. सर पुण्याकडचे. त्यांना वर्णनाचं फार कौतुक नव्हतं, मागच्या वर्षी त्यांनी ट्यूलिपचंही वर्णन वाचलं होतं.

घर आलं. दाराशी पहिली शंका आली. आमच्या चौकटीवर गेली पाच वर्षं प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण होतं. ते नव्हतं.

आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो.

मोरीपासून भिंतीपर्यंत अकरा बायका एका ओळीत उभ्या होत्या. साडीवर नवऱ्यांचे लांब बाह्यांचे शर्ट, डोक्याला रुमाल, प्रत्येकीच्या हातात चिमटा. सगळ्यात पुढे सुमनकाकू. त्या आईच्या टोळीच्या मुकादम आहेत आणि कंपनीच्या साहेबालासुद्धा एकेरीत बोलतात अशी त्यांची ख्याती आहे. आई त्यांच्या शेजारी, पदर नीट घेऊन. आणि त्यांच्यामागे माझी बाग. हिरवीगार. म्हणजे फक्त हिरवी.

"या सर," सुमनकाकू म्हणाल्या. "फिरा आरामात. एक बी उघडं फूल सापडलं, तं माहं नाव बदलून ठेवा."

सरांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. भोपळ्याचं एक पान उचलून खाली पाहिलं.

"एकही फूल नाही?" ते म्हणाले.

"एक बी नाई!" अकरा आवाज एकदम.

"कमाल आहे," सर म्हणाले.

"मंग!" सुमनकाकूंना ते कौतुक वाटलं. "पाऊन घंट्यात साफ केलं सर. उद्या उघडनाऱ्या कळ्या बी काढल्या. उद्या तुमी परत आले तरी फिकर नाई."

मी मोगऱ्याकडे पाहिलं. कळीच्या जागी देठ होता. गुलाबाच्या जागी काटे होते. मुळ्याचे तुरे तर विळ्याने कापले होते, एकदम सरळ रेषेत. इतक्यात वरून आवाज आला, "सर, नमस्कार! खालतून बाजूले व्हा जरा!" आणि सरांच्या खांद्यावर शेवग्याच्या फुलांचा शेवटचा घोस पडला. वर शिडीवर बाबा होते, हातात आकडी. गवंड्याच्या शिडीचा शेवग्यासाठी असा उपयोग मी प्रथमच पाहिला. बाबांनी कामात कसर ठेवली नव्हती. फुलं गेल्यावर झाडं ओकीबोकी दिसू नयेत म्हणून त्यांनी खोडांना चुना आणि गेरूचे पट्टेसुद्धा मारले होते. लिंबाचं झाड शाळेच्या खांबासारखं दिसत होतं.

"थे तोरन बी काढलं मी," बाबा वरूनच म्हणाले. "प्लॅस्टिकचं होतं, पन साहेबाच्या डोयाले काय दिसते अन् काय नाई, कशाले रिस्क घ्या!"

सर माझ्याकडे वळले. "शीतल, हे काय आहे?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सर, काल होती."

(जगातला प्रत्येक नापास विद्यार्थी हेच सांगतो. काल होतं.)

"काल होती," सर म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की त्यात मला बर्फ वितळल्याचा आवाज आला.

आई माझा चेहरा बघत होती. ती हळूच जवळ आली आणि घाबरून कुजबुजली, "काऊन वं? एखादं राह्यलं का?"

आता काय सांगणार? तिच्या बोटांना शेवग्याचा चीक लागला होता, लिंबाच्या काट्यांनी मनगटावर ओरखडे उठले होते. हंगाम संपल्यावर मिळालेला पहिला मोकळा रविवार, आणि तिने अकरा घरं फिरून बायका गोळा केल्या होत्या. मी म्हणाले, "नाही. एकही नाही राहिलं."

"हाश्श!" आई म्हणाली.

सर तेवढ्यात निघायला वळलेच होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते थांबले आणि सुमनकाकूंना म्हणाले, "तोडलेली फुलं कुठे टाकलीत?"

सुमनकाकूंना हा प्रश्न अपमानासारखा लागला. "टाकली? तोडेल माल दाखवल्याबिगर टाकत असतात का सर?"

त्यांनी मोरीवरची ताडपत्री दूर केली. खाली फुलांचे ढीग होते. प्रत्येक झाडाचा वेगळा, आणि भोपळ्याचे दोन, कारण नर वेगळे आणि मादी वेगळी. शेडनेटमध्ये तोडलेल्या फुलांचाही हिशेब सांगावा लागतो. त्या बायकांना फूल तोडून न मोजता टाकताच येत नाही. हात तसे वळलेतच.

"मोजलीत?" सरांचा आवाज बदलला.

"मंग का फुकट उभ्या हाओ? लिहा. भोपया, नर अकरा, मादी दोन."

सरांनी माझ्या हातातून वही घेतली. आदल्या संध्याकाळचं पान काढलं. त्यात उघड्या फुलांबरोबर मी दुसऱ्या दिवशी उघडतील अशा कळ्यांचीही नोंद केली होती. सरांचं बोट ओळीवरून सरकलं. "भोपळा. नर अकरा, मादी दोन," त्यांनी वाचलं.

मी वहीत डोकावले.

"मुया, तुरे सात."

"सात," सर म्हणाले.

"गुलाब तीन. मोगरा एक. थो मोगऱ्याले हात लावताना जीवावर आलं हो सर, पन डूटी म्हंजे डूटी."

"तीन. एक."

"टमाटा एकोनतीस."

सरांचं बोट थांबलं. "इथे तीस आहेत."

माझं वर्ष एका टोमॅटोच्या फुलावर लटकलं होतं. तेवढ्यात ओळीच्या टोकाची एक बाई पुढे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "एक माह्याकून पडलं, काकू. चप्पलखाली आलं. मी सांगतलं नाई." तिने चप्पल काढून तळवा दाखवला. तिथे पिवळा डाग होता.

"तीस!" सर म्हणाले. आता ते ढिगांशेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं. "पुढे?"

"लिंबू. दोनशे सहा."

सरांनी पान पाहिलं. परत पाहिलं. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. "शीतल, लिंबू चाळीस लिहिलंय. अकरा दिवस रोज चाळीस?"

इथे दोन गोष्टी शक्य होत्या. एक म्हणजे सांगायचं की सर, लिंबाचा एकदम रात्रीत बहर आला. दुसरी म्हणजे खरं. मी मोरीच्या दगडाकडे बघत म्हणाले, "सर, लिंबाला काटे फार आहेत. एकदा बाहेरून बाहेरून मोजली, ती चाळीस भरली. नंतर... नंतर अंदाज केला. 'अंदाजे' लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. चुकलं."

आईने खाडकन माझ्याकडे पाहिलं. अकरा जणींनी पाहिलं. शिडीवरून बाबांनीही पाहिलं. बाग रिकामी दिसल्यावर जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी त्या चाळीस लिंबफुलांनी आणली.

सर मात्र हसायला लागले. "चला! उतरवलेल्या वहीत अशी चूक नसते," ते म्हणाले. "मागच्या वर्षीच्या ट्यूलिपची संख्या अगदी बरोबर होती. ही वही खरी आहे. लिंबाचे गुण कापतो, बाकीचे देतो."

मी सुटले! पण आई सुटली नव्हती. ती कपाळाला आठी घालून एकदा ढिगांकडे, एकदा सरांच्या हातातल्या वहीकडे बघत होती. "सर," ती म्हणाली, "एक इचारू? म्हंजे... फुलं उघडेच पाह्यजे होते का?"

सर वहीतच बघत राहिले. भला माणूस. मी मान हलवली.

"सारेच?"

"सगळीच, आई."

सुमनकाकूंनी चिमटा हळूच शर्टाच्या खिशात घातला. "रंजने," त्या आईला म्हणाल्या, "आपन तं पोरीचा उभा प्लॉट कापला."

आईने कपाळावर हात मारला. मला वाटलं आता रडेल. मी पुढे झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवणार, तोच तिचा आवाज चढला. "अन् तुले तोंड नोतं? चायीस दिवस सांगाले काय झालं होतं? पुष्पन म्हने, कालावधी म्हने! सरळ सांगतलं असतं का फुलं पाहून राह्यली, तं म्या एकेका फुलाले बोट धरून उभं केलं असतं!"

"आई, अगं..."

"मले वाटलं पोरीच्यान काम निघून नाई राह्यलं! रातभर झोप नाई मले! अन् हे पाहा, लिंबाले काटे हायेत म्हने! आमी दोनशे सहा काढले, आमाले का काटे टोचत नाई?"

अकरा जणी एकदम हसल्या आणि मग बाबांची शिडी हलली, इतके ते हसले.

सरांना तसं जाऊ देणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, तोडलेलं वाया जाऊ द्यायचं नाही. शेवग्याची फुलं निवडली, उकडली, पिळली आणि कांद्यावर परतली. भोपळ्याच्या नरांची भजी तळली. प्रकल्पात भोपळा नमुना क्रमांक दोन होता आणि शेवगा नमुना क्रमांक चार. सरांनी नमुना क्रमांक चार भाकरीबरोबर दोनदा मागून घेतला. नमुना क्रमांक दोन तर बेसनात ओळखूसुद्धा येत नव्हता. सुमनकाकू वाढत होत्या आणि सर संकोचले की म्हणत होत्या, "खा सर. याचीच तपासनी होती ना."

जेवताना सर आईला एकामागून एक प्रश्न विचारत होते. कळी उद्या उघडणार हे कशावरून ओळखता? पराग जिवंत आहेत हे कसं कळतं? किती वाजेपर्यंत लावले तर फळ धरतं? आणि आई, जी बँकेत नाव विचारलं तरी माझ्याकडे बघते, ती ताटात बोटाने रेघा ओढून उत्तरं देत होती. "हे पाहा सर, कयीचं टोक हिरवं हाय तवर लहान. पांढरं पडलं का संध्याकायी काढाचं. थांबले का गेलं." सर घास हातात धरून ऐकत होते. यातलं निम्मं मी पुस्तकात वाचलं होतं. उरलेलं निम्मं पुस्तकातही नव्हतं. मी तिची मुलगी, वीस वर्षं तिच्या शेजारी झोपते, आणि मी तिला यातलं एकदाही काही विचारलं नव्हतं. मी मुकाट्याने भजी खाल्ली.

निघताना सरांनी वहीच्या शेवटच्या पानावर शेरा लिहिला: "झाडे पाहिली. फुले मोजली. चव घेतली." खाली सही केली. मग आईकडे वळून म्हणाले, "ताई, एक विनंती आहे. आमच्या मुलांना हे प्रात्यक्षिक दरवर्षी असतं, पण मी स्वतः हे काम तुमच्याइतकं पाहिलेलं नाही. एकदा कॉलेजला येऊन शिकवाल का?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांकडेही नाही. सुमनकाकूंकडे पाहिलं. सुमनकाकू म्हणाल्या, "जाय. शर्ट घालून जाजो, फुलाच्या पाकया चिकटतात साडीले."

पंधरा दिवसांनी आई कॉलेजला आली. ठेवणीतली साडी, तिच्यावर बाबांचा धुतलेला शर्ट, खिशात स्वतःचा चिमटा. कॉलेजचा चिमटा तिने हातात घेतला, एकदा दाबून पाहिला आणि सरांना सौम्यपणे म्हणाली, "हा भुवया काढाले ठीक हाय." प्रयोगशाळेत आम्ही अठरा विद्यार्थी. प्रत्येकापुढे वांग्याची एक कळी. आईने एकदा करून दाखवलं. इतकं झटकन, की सरांनी परत करायला सांगितलं. मग आम्हाला दहा मिनिटं दिली.

दहा मिनिटांनी ती सरांबरोबर टेबलाटेबलांवरून फिरायला लागली. मी एकदम शेवटच्या टेबलावर होते. कळीच्या पाकळ्या निघाल्या होत्या, पुंकेसरही निघाले होते, पण त्यांच्याबरोबर स्त्रीकेसरही निघाला होता, आणि आता माझ्यापुढे फूल नव्हतं, देठ होता. अकोल्याहून आलेल्या एका मुलाचं तिने कौतुक केलं. दुसरा एक मुलगा कधी शेतातही गेला नव्हता, त्याच्या पाठीवर थाप मारली. "जमीन, जमीन तुले," म्हणजे जमेल, असं सतरा जणांना सांगत सांगत ती माझ्यापर्यंत पोचली.

ती वाकली. सरांचं भिंग घेतलं. बराच वेळ त्या देठाकडे पाहिलं, एकदा उलटा करून पाहिला. मग सरळ झाली आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी गंभीरपणे तिने विचारलं,

"सर, ही पोरगी कोनाची हाय?"